बोली सगळ्यांना परवडली पाहिजे

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सार्वजनिक कामासाठी पैसा उभा करणं ही नवी विद्या नाही. हरिनाम सप्ताहात पंगत कोणाची, काल्याचा मान कोणाचा, देवळाच्या कळसाला कोणी किती दिले, हे कर्ण्यावरून गावभर ऐकवलं जातं आणि वहीत टिपलं जातं. पण हीच माणसं शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, वाचनालयासाठी किंवा पाड्यावरच्या पाण्याच्या टाकीसाठी पैसा जमवायला निघाली की वाट शहराकडे वळते. मोठा हॉल, पाहुणे, सत्कार, भोजन आणि मध्येच एखादा लिलाव, असा ‘चॅरिटी गाला’चा नमुना डोळ्यांसमोर येतो. भातसा नदीकाठच्या सापगावासारख्या गावाने असा कार्यक्रम करावा का? जरूर करावा. या भागात कामांची वानवा नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यातली आहेत आणि त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. मात्र कार्यक्रम आखताना एक गोष्ट आधी पक्की करावी लागते. निधी सर्वात मोठ्या बोलीवर उभा राहत नाही. मंडपात बसलेल्यांपैकी किती जणांना काही ना काही देता आलं, यावर तो उभा राहतो. लिलाव, तिकीट, जेवण, भाषण यांची आखणी याच एका कसोटीवर घासून पाहावी, असं माझं म्हणणं आहे.

याची कारणं लिलावाच्या स्वभावातच आहेत. नेहमीच्या लिलावाचं काम म्हणजे एखादी वस्तू जास्तीत जास्त किमतीला घेणारा माणूस शोधून काढणं. तो सापडला की बाकीचे रिकाम्या हाताने घरी जातात, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. धर्मादाय लिलावात गणित बदलतं. जमलेला पैसा शाळेला जाणार असेल, तर हरलेल्या माणसालाही समाधान मिळतं, कारण दुसऱ्याने लावलेली मोठी बोली त्याच्याच आवडीच्या कामाला लागते. पण नेमक्या याच कारणामुळे बोली चढवण्याची त्याची ओढ काहीशी कमी होते. आपण चढवून जिंकलो, तर शेजाऱ्याकडून शाळेला मिळणारे पैसे थांबतात, हा हिशेब मनात चालतो. अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या नियतकालिकात यावर एक वेगळा उपाय मांडला. धर्मादाय लिलावात फक्त जिंकणाऱ्याने पैसे द्यायचे हा नियमच चुकीचा असून, बोली लावणाऱ्या प्रत्येकाने आपापली बोलीची रक्कम द्यावी आणि वस्तू सर्वात मोठ्या बोलीला जावी, म्हणजे अधिक पैसा जमेल, असा त्यांचा सिद्धान्त होता. कागदावरचं हे गणित निर्दोष आहे.

पण माणसं कागदावर बसत नाहीत. जेफ्री कार्पेंटर, जेसिका होम्स आणि पीटर मॅथ्यूज या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या बालवाड्यांच्या मदतीसाठी भरलेल्या लिलावांमध्ये वेगवेगळ्या पद्धती प्रत्यक्ष लावून पाहिल्या आणि निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. सगळ्यांनी पैसे द्यायची पद्धत मागे पडली. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी रक्कम द्यायची ही हुशार पद्धतही मागे पडली. साधी, सर्वांच्या ओळखीची पद्धत पुढे गेली: चिठ्ठीवर आपली रक्कम लिहा, सर्वात मोठी रक्कम जिंकेल आणि जिंकणारा तेवढेच पैसे देईल. कारण असं निघालं की अनोळखी नियम पाहून लोक बोलीच लावत नव्हते. सिद्धान्ताने गृहीत धरलं होतं की आलेला प्रत्येक जण खेळात उतरेल. प्रत्यक्षात उतरायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो. निधी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. पद्धत कितीही चतुर असली तरी ती कळायला दोन मिनिटांहून जास्त लागत असतील, तर तिने आणलेला पैसा तिने परत पाठवलेल्या माणसांची भरपाई करू शकत नाही.

उघडी बोली की चिठ्ठीची बोली, हा प्रश्न याच अंगाने सोडवता येतो. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला भरणारी म्हसोबाची यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याची जुनी रीत आहे, कारण सौदा दोघांपुरता असतो आणि तिसऱ्याला भाव कळू नये अशी दोघांची इच्छा असते. धर्मादाय कार्यक्रमात दोन्ही रीतींना जागा आहे, मात्र वेगवेगळ्या वस्तूंसाठी. मोठ्या, नावाजलेल्या चार-पाच वस्तूंची उघडी बोली व्हावी. तिच्यात चढाओढीचा आनंद असतो आणि पाहणाऱ्यांचीही करमणूक होते. पण उघड्या बोलीत पहिल्या तीन चढांनंतर बहुतेक लोक प्रेक्षक होतात. म्हणून बाकीच्या चाळीस-पन्नास वस्तू टेबलांवर मांडून प्रत्येकीपुढे एक कागद ठेवावा. त्यावर सुरुवातीची रक्कम आणि किमान चढ लिहिलेली असावी आणि लोकांनी आपलं नाव व रक्कम खाली खाली लिहीत जावी. याला शहरात मूक लिलाव म्हणतात. यात संकोची माणूस, घरातली बाई, कॉलेजातली पोरं यांनाही भाग घेता येतो. सभेत हात वर करून ओरडायची त्यांना सवय नसते, पण पन्नास रुपयांनी आकडा वाढवून सही करणं जमतं.

आपल्या सार्वजनिक इतिहासाने हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आहे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी काँग्रेसने एक कोटी रुपयांचं उद्दिष्ट ठरवलं. त्याच्या जोडीला एक कोटी सभासद करायचं उद्दिष्ट होतं, आणि सभासदत्वाची वर्गणी होती चार आणे. एका टोकाला लक्षाधीश होते आणि दुसऱ्या टोकाला चार आणे देणारा शेतकरी. त्याच फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. मदतीच्या कार्यक्रमाचा आकर्षणबिंदू कसा असावा, याचा याहून चांगला धडा नाही. ‘मानापमान’ लोकांनी अनेकदा पाहिलं होतं. पण या दोघांना समोरासमोर उभं पाहणं एरवी कुठल्याही किमतीला शक्य नव्हतं, ते केवळ त्या कार्यासाठी शक्य झालं. पाहुण्याला कार्यक्रमात असं काहीतरी मिळालं पाहिजे जे बाजारात विकत मिळत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, म्हणून त्या प्रयोगाची आठवण आणखीच हळवी झाली.

गांधीजी तर स्वतःच उत्तम लिलाव पुकारणारे होते. १९३३-३४ च्या हरिजन दौऱ्यात त्यांना गावोगाव मानपत्रं, चांदीच्या पेट्या, हार, वस्तू मिळत, आणि त्यांचा लिलाव ते त्याच सभेत, त्याच व्यासपीठावरून करत. स्त्रियांकडे दागिने मागत. सहीसाठी पाच रुपये घेत आणि ते फंडात टाकत. आखणीच्या दृष्टीने पाहिलं तर एकाच सभेत तीन दारं उघडी होती. श्रीमंताला मानपत्राची पेटी होती, मध्यम माणसाला पाच रुपयांची सही होती आणि गरिबाला झोळीत टाकायचा पैसा होता. शिवाय सत्कारासाठी झालेला खर्च तिथल्या तिथे निधीत परत येत होता. त्याआधी अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंडाची कल्पना काढली होती: प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा. त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा कोणालाच जड नव्हता, आणि आपण दिला नाही असं सांगायला कोणालाच सबब नव्हती.

लिलावात विकायचं काय, या प्रश्नावर आपल्याकडच्या धार्मिक परंपरेने शहरी आयोजकांपेक्षा अधिक खोल विचार केलेला आहे. गोव्यात देवळांमध्ये देवाला वाहिलेल्या फळांची आणि वस्तूंची ‘पावणी’ होते. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन समाजात पूजेच्या मानासाठी ‘सवाल’ होतात; पहिला कलश कोण घालणार, आरती कोण करणार, यासाठी बोली लागते. हैदराबादजवळच्या बाळापूरला गणपतीच्या लाडवाचा लिलाव १९९४ साली ४५० रुपयांनी सुरू झाला आणि २०२४ साली त्याच लाडवाला तीस लाखांवर बोली गेली. मुंबईत लालबागच्या राजाला आलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा विसर्जनानंतर लिलाव होतो आणि त्याला मोठी गर्दी लोटते. या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. बोली वस्तूच्या बाजारभावावर लागत नाही, तिला चिकटलेल्या अर्थावर लागते. उलट शहरी कार्यक्रमांत दूरदर्शन संच, मोबाइल, परदेशवारीचं तिकीट अशा वस्तू लिलावात ठेवतात. त्यांची किंमत प्रत्येकाला माहीत असते, म्हणून बोली त्या किमतीच्या अलीकडेच थांबते, आणि घेणाऱ्याच्या मनात दान राहत नाही, स्वस्तात सौदा साधल्याचा आनंद राहतो. वस्तू फुकट मिळाली असेल तरच निधीत काही पडतं. विकत आणून ठेवली असेल तर तोटाही होऊ शकतो.

सापगावच्या परिसरात अर्थाने भरलेल्या गोष्टी चिक्कार आहेत. माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी स्थानिक वाटाड्यासह एक दिवस आणि त्याच्या घरचं जेवण. गोरखगड किंवा नाणेघाटाची अशीच सफर. यंदाच्या नव्या भाताच्या तांदळाची पहिली गोणी. गावातल्या चित्रकाराने शाळेच्याच भिंतीवर काढलेल्या चित्राखाली आपल्या आजीचं नाव लिहिण्याचा मान. पावसाळ्यात रानभाज्यांची पंगत. वाचनालयाच्या पहिल्या कपाटाचं दार उघडण्याचा मान. कल्याण-ठाण्याला नोकरीनिमित्त गेलेल्या आणि आसनगावहून लोकल धरणाऱ्या सापगावकरांना यांतली प्रत्येक गोष्ट भिडेल, आणि कोणत्याही दुकानात ती मिळणार नाही. पुरवणाऱ्यालाही या गोष्टी फारशा महाग पडत नाहीत. वाटाड्याला मात्र त्याच्या दिवसाचे पैसे निधीतून चोख द्यावेत. गरिबाचे श्रम फुकट घेऊन श्रीमंताच्या उदारतेचा सोहळा करू नये.

मानाची बोली कुठे थांबली पाहिजे, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. जानेवारी २०२१ मधल्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांसाठी लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि पैसा मंदिरासाठी वापरायचा होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. काम पुण्याचं होतं म्हणून व्यवहार पुण्याचा ठरला नाही. जे सगळ्यांच्या हक्काचं आहे ते विकायचं नाही, ही रेघ स्पष्ट हवी. शाळेतला प्रवेश, पाण्याच्या टाकीवरचा पहिला नंबर, समितीतली जागा या गोष्टी कधीही लिलावात येऊ नयेत. शाळेच्या खोलीला नाव देण्याचा मानसुद्धा ठरावीक वर्षांपुरता असावा.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप खर्चाचा आहे: एवढा मंडप, जेवण, ध्वनी कशाला, सरळ घरोघरी जाऊन वर्गणी का नको? आक्षेपात तथ्य आहे. निधीसंकलनाचे अभ्यासक जेम्स ग्रीनफिल्ड यांनी अमेरिकेतल्या संस्थांसाठी दिलेला अंदाज असा की अशा खास कार्यक्रमांत एक डॉलर गोळा करायला सुमारे अर्धा डॉलर खर्ची पडतो. इतर बहुतेक मार्ग याहून स्वस्त पडतात. आपल्याकडेही ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून दर गणेशोत्सवात काही संस्थांची ओळख छापतो आणि वाचक धनादेश पाठवतात. मोठ्या जेवणावळीची गरज पडत नाही. पण त्या उपक्रमामागे वर्तमानपत्राची रोजची ओळख आणि वाचकांचा वर्षानुवर्षांचा विश्वास उभा आहे. गावातल्या वाचनालयाकडे असा वाचकवर्ग नसतो, तो तयार करावा लागतो. कार्यक्रमाची खरी कमाई तिथे होते. कोण आलं, कोणी कशावर बोली लावली, कोणाचा भ्रमणध्वनी क्रमांक वहीत आला, ही यादी पुढची दहा वर्षं उपयोगी पडते. म्हणून खर्चाला मर्यादा घालावी आणि तो खर्च आधीच कोणीतरी उचललेला असावा, म्हणजे व्यासपीठावरून “आज तुम्ही द्याल तो प्रत्येक रुपया कामालाच जाईल” असं खरेपणाने सांगता येईल. मंडप गावकीचा, स्वयंपाक सप्ताहाची पंगत सांभाळणाऱ्या हातांचा, जागा शाळेच्या पटांगणाची. हे भांडवल शहरातल्या आयोजकांना लाखो रुपये मोजून मिळवावं लागतं, गावाकडे ते आहेच.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो हलक्यात घेता येत नाही. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं मानणाऱ्या समाजात नाव पुकारून दान घ्यायचं म्हणजे श्रीमंतीचं प्रदर्शन मांडायचं आणि ज्याच्याकडे नाही त्याला सर्वांसमोर लाजवायचं, असं अनेकांना वाटतं. लिलाव हाच कार्यक्रमाचा शेवट असेल, तर हा आक्षेप खरा ठरतो. म्हणून लिलावानंतर, जेवणाआधी, एक स्वतंत्र आवाहन असावं, ज्यात काहीच विकायचं नाही. कामाचे तुकडे पाडून सांगावं: एका कपाटाला इतके, एका सूक्ष्मदर्शकाला इतके, एका मुलाच्या वर्षभराच्या पुस्तकांना इतके. मोठ्या रकमेपासून सुरुवात करून पायरी पायरीने खाली यावं आणि शेवटी शंभर रुपयांवर थांबावं. वरून खाली येण्याला कारण आहे. खालून सुरू केलं तर मोठं देऊ शकणारा माणूसही पहिल्याच पायरीवर हात वर करून मोकळा होतो. वरून उतरलं तर प्रत्येक जण आपल्या ऐपतीच्या पायरीवर थांबतो आणि अखेरच्या पायरीवर अख्खा मंडप हात वर करतो. गुप्तदान करणाऱ्यासाठी पाकिटं आणि बंद पेटी असावी. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा श्रमदानाचा दिवसही त्याच वहीत, त्याच रांगेत लिहावा. पाणी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेने २०१६ पासून दाखवून दिलं की गावाचे हात हे मोठं भांडवल असतं. टाकीचा पाया खोदायला दिलेले चार दिवस हे दानच आहे, आणि ते तसं पुकारलं गेलं पाहिजे.

मुरबाडने एका मोठ्या दात्याला जन्म दिला आहे. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट १८०३ साली मुरबाडला जन्मले आणि मुंबईतल्या शिक्षणसंस्थांना, ग्रँट रोडच्या नाट्यगृहाच्या जागेला त्यांनी हात दिला. त्यांचं नाव काढून कोणी म्हणेल की असा एक नाना मिळाला तर शंभर रुपयांच्या पायऱ्या कशाला? उत्तर असं की एकट्या दात्याच्या दानावर संस्था उभी राहते, पण ती चालू ठेवायला, तिची गळती कौलं बदलायला, तिच्या पुस्तकांवरची धूळ झटकायला तिला आपली मानणारी माणसं लागतात. ज्याने शंभर रुपये दिले तो वाचनालय उघडं आहे की बंद, हे येता-जाता पाहतो.

हे सगळं हिशेबाविना फोल आहे. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसेल तर सार्वजनिक निधी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेशोत्सव मंडळं हेच करतात. देणगीदारांना आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता हवी, आणि २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे आधी सांगावं. तिकिटं विकून बक्षिसांची सोडत काढायचा मोह टाळावा, कारण परवानगीशिवाय लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. बोली लागली आणि पैसे आलेच नाहीत, हे तर प्रत्येक गावाला माहीत असलेलं दुखणं. म्हणून बोलीची नोंद तिथल्या तिथे सहीसह व्हावी, रक्कम शक्यतो त्याच दिवशी बँकेच्या खात्यात यावी आणि ती आल्याशिवाय मानाची वस्तू देऊ नये.

सापगावात किंवा पंचक्रोशीत कोणी असा कार्यक्रम योजत असेल, तर पत्रिका छापायला देण्याआधी पाहुण्यांची यादी समोर घेऊन प्रत्येक नावापुढे तो माणूस त्या संध्याकाळी काय देऊ शकेल हे लिहून पाहावं. ज्या नावांपुढची जागा रिकामी राहील, त्यांच्यासाठी कार्यक्रमात आधी जागा करावी. आणि कार्यक्रमानंतर आठ दिवसांत जमा-खर्चाचा फलक ग्रामपंचायतीच्या दारात लावावा, शंभर रुपये देणाऱ्याच्या नावासकट.